जिप्सी वाडीतून काढा दोरीने, कऱ्हाडला न्या ट्रकवर

प्रश्न : माझ्या काकांची १९९४ची मारुती जिप्सी गुहागर तालुक्यात, आमच्या वाडीत तीन-चार पावसाळे उभी आहे. काका आता गाडी चालवत नाहीत, त्यांनी ती मला दिली. इंजिन चालू होत नाही, क्लच दाबला तरी सुटत नाही. ओळखीचा मेस्त्री कऱ्हाडला आहे, तोच काम करणार. चुलतभावाकडे बोलेरो पिकअप आहे. दोरी बांधून चिपळूण, कुंभार्ली घाट, पाटणमार्गे एका दिवसात गाडी न्यायचा विचार आहे. गावातला मेस्त्री म्हणतो, न्यूट्रल टाका आणि ओढा. एक मित्र म्हणतो, गिअरमध्येच ठेवा. दुसऱ्याने कुठेतरी व्हिडिओ बघितला, तो म्हणतो छोट्या दांड्याचं न्यूट्रल टाकलं की कितीही लांब न्या, परदेशात लोक नेतात. खरं काय?

उत्तर : नमस्कार. काकांची गाडी भंगारात न जाता पुतण्याकडे येतेय, हे वाचून बरं वाटलं. उत्तर आधी देऊन टाकतो, कारणं मागाहून. दोरीने गाडी फक्त वाडीतून वरच्या डांबरी रस्त्यापर्यंत आणा. तिथून कऱ्हाडपर्यंत ती ट्रकच्या पाठीवर जाऊ द्या, चारही चाकं जमिनीपासून वर. पैसे जास्त जातील, चुलतभाऊ जरा हिरमुसेल, पण गिअरबॉक्स शाबूत पोचेल.

तुमच्या तिन्ही सल्लागारांचं थोडं थोडं बरोबर आहे. तिघांनी मिळून जे सोडलं, ते म्हणजे ऑईल.

मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये बहुतेक वेळा ऑईलचा पंप नसतो. तळाशी ऑईल साठलेलं असतं, त्यात काउंटर शाफ्टचे, म्हणजे खालच्या दांड्याचे, गिअर बुडालेले असतात, आणि ते फिरले की ऑईल वर उडवतात. वरच्या मेन शाफ्टला, त्याच्यावरच्या गिअरच्या आतल्या बारीक सुई-बेअरिंगना ते मिळतं ते असं उडून. आता हा काउंटर शाफ्ट फिरवतं कोण? इंजिन, क्लचमधून. गाडी न्यूट्रलवर उभी असली आणि इंजिन चालू असलं तरी तो फिरतो.

ओढताना नेमकं उलटं होतं. इंजिन बंद, म्हणून काउंटर शाफ्ट जागचा हलत नाही. मागची चाकं मात्र फिरताहेत, ती प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गाडीखालचा लांब दांडा, फिरवतात, तो ट्रान्सफर केसमधून (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा डबा) गिअरबॉक्सचा मेन शाफ्ट फिरवतो. म्हणजे मेन शाफ्ट गरागरा फिरतोय आणि त्याला ऑईल पोचवणारा गिअर खाली झोपलाय. चार-दोन किलोमीटर हळू ओढलं तर आधीच्या ऑईलच्या ओलाव्यावर निभावतं. गुहागर ते कऱ्हाड हे सव्वाशे-दीडशे किलोमीटर होतं. गावातल्या मेस्त्रीचं 'न्यूट्रल टाका आणि ओढा' हे गावापुरतं खरं आहे, कारण तो गाड्या गावातल्या गावातच ओढतो.

आता गिअरमध्ये ठेवा म्हणणारा मित्र. ट्रान्सफर केस टू-एचमध्ये (फक्त मागच्या चाकांना ताकद) आणि गिअरबॉक्स गिअरमध्ये असेल तर चाकं इंजिन फिरवणार. तीन-चार पावसाळे बंद पडलेलं इंजिन. सिलिंडरच्या भिंती कोरड्या, रिंगा कदाचित चिकटलेल्या. तुमचा क्लच सुटत नाही म्हणता. तार तुटली असेल, किंवा कोकणच्या दमट हवेत प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटली असेल. काहीही असलं तरी ओढताना क्लच दाबून धरण्याचा उपायही तुमच्याकडे नाही. हा सल्ला बाजूला ठेवा. आणि ओढता ओढता इंजिन चालू होतंय का बघू, हा मोह कुणाला झाला तर त्याला तिथेच थांबवा. दोरीवरची गाडी अचानक चालू झाली तर ती पुढच्या गाडीच्या मागच्या फळीत घुसते.

व्हिडिओवाल्याचं ऐकण्यासारखं आहे, म्हणून जरा थांबतो. जिप्सीत गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस हे दोन वेगळे डबे आहेत, मध्ये एक आखूड शाफ्ट. ट्रान्सफरच्या छोट्या दांड्याला टू-एच, फोर-एच (चारही चाकांना ताकद), मग एन (न्यूट्रल), मग फोर-एल (चारही चाकांना, पण हळू आणि जास्त जोराने) अशा जागा आहेत. एन टाकलं की चाकांचं फिरणं ट्रान्सफर केसपाशीच अडतं, गिअरबॉक्सला त्याचा पत्ताही लागत नाही. हे अगदी बरोबर. अमेरिकेत जिप्सीची भावंडं, सुझुकी सामुराई, लोक मोटरहोमच्या (आत राहता येईल अशा मोठ्या गाडीच्या) मागे जोडून चारही चाकांवर लांब लांब न्यायचे, ते असंच. पण त्यातला एक भाग व्हिडिओत गळला असावा. एन असलं तरी ट्रान्सफर केसचा मागचा शाफ्ट फिरतच राहतो आणि त्याला ऑईल उडवणारे गिअर थांबलेले असतात. म्हणजे दुखणं गिअरबॉक्समधून उठून ट्रान्सफर केसमध्ये गेलं, इतकंच. म्हणून ते लोक ठरावीक अंतरावर थांबतात, इंजिन चालू करतात आणि ते मिनिटभर फिरवून ऑईल वर चढवतात. तुमचं इंजिनच बंद आहे. तुम्ही कोयनानगरला थांबून काय फिरवणार?

लांब ओढायचंच असेल तर यांत्रिकदृष्ट्या एकच बिनघोर उपाय आहे: मागचा प्रोपेलर शाफ्ट काढून ठेवणे. मग चाकं आणि डिफरन्शियल (अॅक्सलच्या मधला गिअरचा गोळा) फिरतात, डिफरन्शियलचा मोठा क्राऊन गिअर ऑईलमध्येच बुडालेला असतो, तो आपलं ऑईल आपण घेतो. जिप्सीचा शाफ्ट दोन्ही टोकांना फ्लँजवर बोल्टांनी बसवलेला आहे, त्यामुळे तो काढताना ऑईल सांडत नाही. काढण्याआधी शाफ्ट आणि फ्लँज दोघांवर मिळून एक खूण करा, खडूची नको, पंचाने ठोकलेली किंवा रंगाची. परत बसवताना खुणेला खूण लावा, नाहीतर पन्नासच्या वर गाडी थरथरेल आणि तुम्ही चाकांचं बॅलन्सिंग करत बसाल. जुन्या महिंद्रा जीपवाल्यांसाठी जाता जाता: तुमच्याकडे क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा सांधा) यू-बोल्टने बांधलेला असेल तर शाफ्ट सुटताक्षणी क्रॉसच्या टोप्यांवर चिकटपट्टी गुंडाळा. टोपी मातीत पडली की आतल्या सुया वेचत बसावं लागतं, आणि एक जरी हरवली तर तो क्रॉस गेला.

पुढची चाकं विसरू नका. हबवर, म्हणजे चाकाच्या मधोमध, हाताने फिरवायची चकती असेल तर दोन्हीकडे फ्री करा, म्हणजे चाक अॅक्सलपासून सुटतं. एवढ्या जुन्या गाडीत कुणीतरी मध्ये कधीतरी ते हब काढून साधी टोपी मारलेली असते. मग पुढचा अॅक्सल आणि पुढचा शाफ्टही चाकांबरोबर फिरतो. तसं असेल तर लांबच्या ओढणीला तोही काढावा लागतो. खात्री करायची तर जॅकवर एक पुढचं चाक उचला, फिरवा, खाली वाकून शाफ्टकडे बघा.

मग शाफ्ट काढून दोरीनेच नेऊ, असं तुम्ही म्हणाल. दोन गोष्टी आड येतात.

एक, कायदा. आपल्याकडच्या वाहतूक नियमांत बंद पडलेली गाडी दुसऱ्या गाडीने ओढायला मुभा आहे ती जवळच्या गॅरेजपर्यंत किंवा पेट्रोल पंपापर्यंत. ओळखीचा मेस्त्री कितीही चांगला असला तरी गुहागरहून कऱ्हाड 'जवळ' होत नाही. वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, दोन गाड्यांमधलं अंतर ५ मीटरपेक्षा जास्त नको, दोरी इतरांना सहज दिसेल अशी, मागच्या गाडीच्या स्टिअरिंगवर परवानाधारक माणूस, आणि तिच्या पाठीवर पांढऱ्या पाटीवर काळ्या, किमान ७५ मिलिमीटर उंचीच्या इंग्रजी अक्षरांत 'ऑन टो'. ताशी २५ने चाललात तर गुहागर-कऱ्हाडला न थांबता पाच-सहा तास लागतील, मागे गाड्यांची रांग, आणि शेवटी कुणीतरी वळणावर ओव्हरटेक करणारच. शिवाय १९९४ची गाडी म्हणजे पंधरा वर्षांनंतरचं नोंदणीचं नूतनीकरण आणि विमा चालू आहे का, ते पत्रात नाही. रस्त्यावर चाकं टेकवण्याआधी ते कागद बघा.

दुसरी गोष्ट घाट. चिपळूणहून कुंभार्ली चढताना टनाच्या आसपासची जिप्सी पाठीला घेऊन प्रत्येक वळणावर पिकअपचा क्लच घासणार. वर पोचल्यावर पाटणकडे रस्ता उतरता लागतो, आणि दोरीचा खरा धोका उतारावर. चढावर दोरी ताठ असते. उतारावर मागची गाडी पुढच्या अंगावर येते, दोरी सैल पडते, चाकाखाली जाते किंवा एकदम ताणून झटका देते. तो टाळायला मागच्या गाडीत बसलेल्याने सारखा हलका ब्रेक देत दोरी ताठ ठेवायची असते. थोडक्यात, मागे बसणारा खरा ड्रायव्हर, पुढचा नुसता ओढ्या. आता त्याच्या हातात काय आहे बघा: वर्षानुवर्षं न वापरलेले ब्रेक, आणि ब्रेक हलका करणारा बूस्टर असेल तर तोही बिनकामाचा. बूस्टर इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतो. इंजिन बंद असताना एक-दोनदा दाबला की पेडल दगडासारखं होतं. घाटात हे नको.

आता वाडीतून वर काढायचं. हे तुम्हाला करावंच लागणार, कारण ट्रक खाली येणार नाही, आणि खरं सांगायचं तर अपघात होतात ते या शेवटच्या अर्ध्या किलोमीटरमध्येच, कारण 'इथल्या इथे तर न्यायचीय' म्हणून कुणी काही बघत नाही.

आदल्या दिवशी जा. चारही चाकं एकेक करून जॅकवर घ्या आणि हाताने फिरवा. फिरत नसेल तर ब्रेक धरलेत. ड्रमवर हातोडीने हलकं ठोकून, अॅडजस्टर सैल करून सोडवा. फरफटत न्यायची नाही. ब्रेकचं ऑईल भरा, पेडल दहा-वीस वेळा दाबा, मग चाकांच्या आतल्या बाजूला ओल दिसते का बघा. पेडल जमिनीला टेकत असेल तर ती गाडी दोरीने हलवायची नाही, लोखंडी टो-बारच हवा. टायरमध्ये हवा भरा आणि तासाभराने पुन्हा बघा. डॅशबोर्डमागे, सीटखाली उंदीर-साप बघा, हे कोकणात सांगायला नको.

मग पुढच्या हुकाकडे या. दोरी बांधायची ती चासीच्या हुकाला. बंपरला नाही, स्टिअरिंगच्या आडव्या रॉडला तर अजिबात नाही, पाट्याच्या (स्प्रिंगच्या) शॅकललाही नाही. पण समुद्राजवळची गाडी आहे, म्हणून हूक जिथे चासीला जोडलाय तिथे छोट्या हातोडीने ठोकून बघा. जाड पत्रा टणकन वाजतो. गंजाने खाल्लेला भदभद वाजतो आणि खपली पडते. खपली पडली तर हात आणखी मागे घाला, चासीचा धड आडवा मेंबर शोधा, आणि त्याला पट्टा गुंडाळा.

किल्ली लावून स्टिअरिंगचं लॉक सोडवा आणि ते दोन्ही बाजूंना पूर्ण वळतंय ना बघा. किल्ली तशीच ठेवायची, मध्ये काढायची नाही. बाहेरून एक चार्ज केलेली बॅटरी आणून जोडा, म्हणजे ब्रेकलाईट आणि हॉर्न चालतील. वायरी उंदरांनी खाल्ल्या असतील तर ते सोडा, एक शिट्टी गळ्यात अडकवा. एक शिट्टी म्हणजे थांब, दुसरा काही अर्थ नको.

ओढायला बोलेरोपेक्षा ट्रॅक्टर मिळाला तर बघा. वाडीतून सड्यावर (वरच्या कातळपठारावर, जिथे डांबरी रस्ता आहे) येणारी चढण, वर जांभ्याची सुटी खडी. तिथे पिकअपचं मागचं रिकामं हौद-अंग घसरतं, ड्रायव्हर क्लच मारत झटके देतो, आणि झटक्यानेच हूक उपटतात. ट्रॅक्टर छोट्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलाने ओढतो. फक्त दोरी ट्रॅक्टरच्या खालच्या ड्रॉबारलाच (मागच्या ओढायच्या पट्टीला) बांधा. वरच्या लिंकला बांधून चढावर ओढलं तर ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन मागे उलटतो, चालवणाऱ्यावर.

साखळी टाळा, ती ताणही खात नाही आणि तुटली तर गोळीसारखी येते. चांगला रुंद पट्टा आणि दोन्ही टोकांना डी-शॅकल घ्या. पट्ट्याला गाठ मारू नका, गाठीपाशी त्याची ताकद बरीच कमी होते. पट्ट्याच्या मधोमध ओलं गोणपाट टाका. तुटलाच तर ते त्याला खाली पाडतं. ओढताना पट्ट्याच्या रेषेत पुढे-मागे कुणीही नको. वाडीतली सगळी पोरं गोळा होणार, त्यांना एकाच बाजूला, लांब उभं करा.

या छोट्या अंतरासाठी शाफ्ट काढायची गरज नाही. गिअरबॉक्स न्यूट्रल, ट्रान्सफर एनवर, हब फ्री, चालण्याच्या वेगाने. छोटा दांडा वर्षानुवर्षांनी अडकलेला असतो. जोर लावण्याआधी दोघांनी गाडी बोटभर पुढे-मागे ढकला, मग तो पडतो. फोर-एचमध्ये किंवा फोर-एलमध्ये अडकलाय आणि निघतच नाही, तर मात्र मागचा शाफ्ट काढा. फोर-एलमध्ये चाकांच्या एका फेऱ्याला गिअरबॉक्सचा शाफ्ट टू-एचच्या मानाने आणखी जास्त फेरे मारतो, आणि ज्याला ऑईल नाही त्यालाच हा जादा वेग.

ट्रान्सफर एनवर असली किंवा शाफ्ट काढला की गाडी गिअरमध्ये टाकून उभी राहत नाही. आणि हँडब्रेक? तो कुठे लागतो ते आधी खाली वाकून बघा. बऱ्याच जुन्या जीपना हँडब्रेकचा ड्रम मागच्या चाकांत नसतो, ट्रान्सफर केसच्या मागे असतो. शाफ्ट काढला की असा हँडब्रेक वर ओढलेला दिसतो, कटकट आवाजही करतो, आणि धरत काहीच नाही. म्हणून चढणीवर एक माणूस लाकडी ठोकळा घेऊन मागच्या चाकाच्या बाजूने चालेल, मागून नाही. थांबलं की ठोकळा चाकाखाली, मगच पट्टा सैल.

सड्यावर आलात की हायड्रॉलिक फळी असलेला ट्रक. बोलावताना फोनवर स्पष्ट सांगा, गाडी फोर-बाय-फोर आहे, चारही चाकं वर हवीत. पुढची चाकं उचलून मागची रस्त्यावर सोडणारी क्रेन आली तर परत पाठवा; त्यात मागच्या चाकांची गोष्ट वर सांगितली तीच. आणि चुकून फोर-बाय-फोर लागलेलं राहिलं तर आणखी वाईट, कारण जिप्सीत पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये डिफरन्शियल नाही. पुढची हवेत, मागची रस्त्यावर, दोन्ही एकमेकांना बांधलेली, मग गाडी क्रेनवरून उडी मारायला बघते.

ट्रकवर चढल्यावर गाडी पहिल्या गिअरमध्ये, ट्रान्सफर फोर-एलमध्ये, चारही चाकांना ठोकळे, आणि पट्टे टायरवरून किंवा अॅक्सलवरून. चासीवरून घट्ट आवळले तर पाटे दबून उसळतात आणि घाटातल्या खड्ड्यांत पट्टा ढिला होतो. चिपळूणला चहाला थांबाल तेव्हा एकदा आवळून घ्या, घाट चढल्यावर पुन्हा एकदा.

कऱ्हाडला मेस्त्रीला सांगा, इंजिनाला हात लावण्याआधी चार ठिकाणचं ऑईल बघ: गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, दोन्ही डिफरन्शियल. चौघांचे बोल्ट वेगळे आहेत आणि ट्रान्सफर केसचा हमखास राहून जातो. आधी वरचा भरायचा बोल्ट सैल होतो का बघायचं, मग खालचा उघडायचा. खालून रिकामं केलं आणि वरचा गंजून बसलेला निघाला तर नवीन ऑईल घालणार कुठून? निघालेलं ऑईल दुधट दिसलं तर आत पाणी गेलंय. तसं असेल तर मला पुन्हा लिहा, त्याची कहाणी वेगळी आहे.